पहिलं नको

माझ्या लेकीनं जर्मन शिकायला घेतलं तेव्हा मी तिला आधी एकच विचारलं, "फुकट का शिकवतायत?"

तिचं म्हणणं असं, की एजन्सीच सगळं करते. भाषा शिकवते, परीक्षेला बसवते, तिकडच्या एखाद्या वृद्धाश्रमात नर्सची नोकरी लावून देते, आणि त्यांना काय मिळायचं ते तिकडून मिळतं. मी म्हटलं, "अगं, आपला भाजीवाला हल्ली चार मिरच्यासुद्धा फुकट टाकत नाही पिशवीत, आणि तुला हे लोक अख्खी भाषा देणार? पाणी कुठेतरी मुरतंय." ती हसली. तिला वाटतं, आईचा स्वभावच तसा. आहेच. पण स्वभाव काही आभाळातून पडत नाही. लग्नाआधी आमच्या ह्यांचा पासपोर्ट एका एजंटानं आठ महिने दाबून ठेवला होता, दुबईला पाठवतो म्हणून. हे दर पंधरा दिवसांनी रत्नागिरीहून मुंबईला त्याच्या ऑफिसात जायचे आणि चहा पिऊन परत यायचे. एकदा गेले तर ऑफिसच गायब, तिथे झेरॉक्सचं दुकान. ही गोष्ट मी ह्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलीय की तो एजंट मला स्वतः पाहिल्यासारखा आठवतो. हे जाऊन आता सहा वर्षं झाली. संशय तेवढा मला देऊन गेले.

तर घरात आम्ही दोघीच. भाईंदर पश्चिमेला, मुर्धा गावाच्या वळणावर एक नवी बिल्डिंग आहे. नवी म्हणजे पंधरा वर्षांची, पण गावातले लोक अजून तिला नवीच म्हणतात. तिच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. मी घरात ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. लेक मीरा रोडला एका खासगी हॉस्पिटलात नर्स. सकाळची ड्युटी संपली की ती तशीच बेव्हर्ली पार्कला क्लासला जायची आणि संध्याकाळी घरी आली की आरशासमोर उभी राहून तोंडं करायची.

तोंडं म्हणजे खरंच तोंडं. एक स्वर असा, की ओठ चूल फुंकल्यासारखे करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. 'र' काढायचा तो घशातून, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो तसा. मी मशीनवर बसून बघायची. धडधाकट सव्वीस वर्षांची पोरगी आरशाशी गुळण्या करतेय! मला हसू यायचं आणि भीतीही वाटायची. एवढी मेहनत माणूस दोन-चार महिन्यांसाठी करत नाही. जी पोरगी ओठांची ठेवण बदलायला निघालीय ती परत यायच्या तयारीनं निघालेली नसते, असं माझं मन मला सांगायचं.

एक दिवस तिला न सांगता मी त्या क्लासला गेले. अस्तराचं कापड आणायचंय असं स्वतःलाच सांगून घरातून निघाले, दोन रिक्षा बदलल्या. खाली ब्युटी पार्लर, वर पहिल्या मजल्यावर क्लास. वॉचमननं विचारलं, "किधर जाना है?" मी म्हटलं, "जर्मन." तो म्हणाला, "चप्पल बाहर उतारना." आत वीसेक मुली. केरळच्या, यूपीच्या, आपल्या. सगळ्या एका सुरात काहीतरी घोकत होत्या, आणि फळ्याजवळ त्यांचे सर. तिशीचा मुलगा, चेहऱ्यानं गरीब. गरीब चेहऱ्याची माणसं मला जास्त खटकतात.

"बोला काकू," तो म्हणाला.

"तुम्ही तिकडे राहून आलायत ना?"

"हो. चार वर्षं."

"मग परत का आलात?"

खिडकीजवळ माझ्या लेकीनं वहीत तोंड खुपसलं. तो मुलगा म्हणाला, "वडिलांना अर्धांगवायू झाला, म्हणून आलो." मला क्षणभर वाईट वाटलं. मग वाटलं, उत्तर फारच तयार होतं.

तिथून मी उठले ती शेजारच्या खोलीत, एजन्सीच्या ऑफिसात. म्हटलं, माझ्या मुलीचे ओरिजिनल दाखले तुमच्याकडे आहेत ते बघायचेत. टेबलामागच्या मुलीनं लगेच कपाट उघडलं आणि फाइल माझ्या पुढ्यात ठेवली. एवढ्या चटकन कोण देतं? मी शिक्क्यावरून बोट फिरवलं, कागद उजेडात धरला. ओरिजिनलच होते. म्हटलं, "बरं, ठेवा." जिना उतरताना मनात हाच विचार, की आता दाखवलेत, पण जाताना देतील कशावरून?

लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "सगळ्यांसमोर, आई? सगळ्यांसमोर?" एवढंच एकदा म्हणाली. तिसऱ्या दिवशी बोलली ती फोनवर, क्लासातल्या मैत्रिणीशी, आणि जर्मनमध्ये. माझ्या घरात, माझ्या समोर, ताटावर बसून! मधेच 'माइनं मुटर' आलं आणि दोघी खिदळल्या. मुटर म्हणजे आई, एवढं मला तोवर माहीत झालं होतं. आता मला सांगा, आईच्या नावावर हसायचं आणि ते आईला कळू नये अशा भाषेत हसायचं, याला काय म्हणावं? मी आमटीची वाटी खाली ठेवली आणि मनाशी ठरवलं: थांब, तुझी भाषाच शिकते.

सोपं होतं असं नाही. मी दहावी पास, इंग्रजी अक्षरं वाचता येतात तेवढीच. पण साहित्य घरातच होतं. लेकीनं फ्रिजला, कपाटाला, खिडकीला, दाराला त्यांच्या जर्मन नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. तिचा जाडजूड जुना जर्मन-मराठी शब्दकोश होता. ती ड्युटीवर गेली की मी एका कोऱ्या डायरीत देवनागरीत उतरवून घ्यायची आणि मशीन चालवताना घोकायची. मोबाइलवर आपोआप भाषांतर होतं, हे मलाही माहितेय. पण मी त्याची एकदा परीक्षा घेतली होती. 'उगाच डोकं खाऊ नकोस' हे जर्मनमध्ये करायला सांगितलं आणि तेच पुन्हा मराठीत आणलं, तर म्हणतो, 'कृपया विनाकारण मस्तक भक्षण करू नका.' अशाच्या भरवशावर मी लेकीचं भविष्य वाचायचं? त्यापेक्षा माझी डायरी बरी.

पुढच्या राई गावातली एक बाई माझ्याकडे ब्लाउज टाकायला येते. तिच्या सासऱ्यांची मिठागरं होती, आता तिचे मुलगे रेतीसिमेंटचा धंदा करतात. ती एकदा दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी पायानं मशीन चालवत होते आणि घशातून 'र' काढत होते. ती म्हणाली, "काय गो बाय, आंगात आलंय का काय?" मी म्हटलं, "जर्मन आहे." तिनं हातातली पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "पोर चालली म्हून तू पन चालली का काय?" त्या दिवशी तिच्या ब्लाउजाची बाही मी उलटी जोडली.

शिकताना काही गोष्टींनी मात्र मला चकवलं. एक म्हणजे त्या भाषेतला 'त्स'. त्यांच्याकडे खोलीला 'त्सिमर' म्हणतात. लेकीच्या क्लासातल्या कितीतरी मुली महिनाभर 'झिमर, झिमर' करत बसल्या होत्या. मला पहिल्याच फटक्यात आला, कारण आपल्या 'चांगलं'मधला, 'चमच्या'तला च तोच तर आहे. दुसरं, पुष्कळदा वाक्याचा खरा अर्थ पार टोकाला बसलेला असतो, आपल्यासारखा. शेवटचा शब्द येईपर्यंत माणूस जेवला की जेवायचा राहिला ते कळत नाही. हे मला अजिबात आवडलं नाही. अर्ध्या वाक्यातच संशय घ्यायची सवय असलेल्या बाईला शेवटपर्यंत धीर धरायला लावणारी भाषा!

मग एक दिवस लेकच म्हणाली, "आई, मला प्रॅक्टिसला कोणीतरी हवंय. सर म्हणतात, घरातल्या माणसाला पेशंट करा. तू म्हातारी होशील?"

मी म्हटलं, "आहेच की."

मी दिवाणावर पडायची. ती पांढरा कोट घातल्यासारखी ताठ यायची, उशी सारखी करायची, कपाळावर हात ठेवायची आणि विचारायची, "ब्राउखन झी एटवास?" म्हणजे, तुम्हाला काही हवंय का? मी म्हणायचं, "नाइन, डांकं." नको, आभारी आहे. मग ती विचारायची कुठे दुखतंय, मी गुडघा दाखवायची. तो दाखवायला मला नाटक करावं लागत नसे. तिला वाटायचं, आई नुसती पोपटासारखी बोलतेय. मीही तसं वाटू दिलं. एकदा म्हणाली, "आई, तुझा उच्चार माझ्यापेक्षा चांगला आहे गं." झालं! आता ही लोणी का लावतेय, या विचारात माझा तो आठवडा गेला. पण खरं सांगायचं तर त्या दिवाणावर पडून राहायला मला आवडायचं. मोठी झाल्यापासून ती माझ्या कपाळावर हात ठेवत नव्हती. आता रोज ठेवायची, अभ्यास म्हणून का होईना.

परीक्षा झाली, ती पास झाली, आणि तिकडच्या एका वृद्धाश्रमातून पत्र आलं. प्रिंट काढून तिनं ते टेबलावर ठेवलं आणि ड्युटीला गेली. "काय लिहिलंय?" असं मी आदल्या दिवशी विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "काही नाही गं, मुलाखतीची वेळ." एका पानभर मुलाखतीची वेळ? मी ब्लाउज बाजूला सारले आणि शब्दकोश काढला.

तीन दुपारी लागल्या मला त्या एका पानाला. पहिल्या दुपारी नुसते सुटे शब्द हाती आले: आई, एकटी, घर, परत, मुली, जागा, दुसरी. त्यातून मी जी गोष्ट रचली ती ऐकलीत तर तुम्ही पोलिसांत जाल. दुसऱ्या दुपारी तिची अर्धी हवा गेली. तिसऱ्या दुपारी वाक्यांची टोकं सापडली आणि पत्र समोर उभं राहिलं. त्या आश्रमाच्या मुख्य बाईंनी लिहिलं होतं, की तुमच्या अर्जात घरी आई एकट्याच असतात असं दिसतं. आमच्याकडे आलेल्या बऱ्याच मुली घरच्या ओढीनं अर्ध्यात परत जातात, त्यात त्यांचेही हाल आणि आमच्या म्हाताऱ्यांचेही. म्हणून मुलाखतीआधी आईशी बोला. त्यांना तुमची गरज असेल तर तसं मोकळेपणानं सांगा, आम्ही ही जागा दुसऱ्या मुलीला देऊ, राग मानणार नाही.

मी ते पुन्हा पुन्हा तपासलं. माझीच चूक असेल, असं कुणी लिहीत नाही. पण शब्द तेच राहिले. म्हणजे सगळं माझ्यावर होतं. मी एक शब्द बोलले असते तर माझी लेक घरात राहिली असती. आणि हे तिनं मला सांगितलं नव्हतं.

सांगेल म्हणून मी वाट पाहिली. ती आली, जेवली, झोपली. दुसऱ्या दिवशीही तेच. मुलाखत शनिवारी. मी मनात म्हटलं, बघू, कधी तोंड उघडते ते. तिला जायचं असेल तर ती मला विचारणारच नाही, आणि थांबायचं असेल तर विचारेल. असा मी सरळ हिशोब घातला होता आणि रोज तिच्या तोंडाकडे बघत होते.

त्याच आठवड्यात ती क्लासातून एक नवीनच धडा घेऊन आली. सरांनी सगळ्या मुलींना बजावलं होतं: तिकडे विचारतात ते एकदाच. हो तर हो, नको तर नको. सर स्वतः पहिल्या आठवड्यात कुणाकडे जेवायला गेले होते. "अजून घेणार?" असं त्या घरच्या बाईंनी विचारलं, सर आपल्या सवयीनं "नको" म्हणाले, आणि भांडं सरळ आत गेलं. सर अर्धपोटी घरी आले आणि त्यांनी खोलीत बिस्किटं खाल्ली. "म्हणून आई, मी आजपासून घरातच प्रॅक्टिस करणार," लेक म्हणाली.

आता आमच्याकडची रीत सांगते. आमच्या रत्नागिरीकडच्या घरांत पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. पहिलं नको मानाचं. दुसरं नको, आपलं पोट आपल्या ताब्यात आहे हे दाखवायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग "बरं, घाल अगदी थोडं" म्हणत ताट पुढे करायचं. वाढणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, त्यामुळे तो पहिल्या दोन नकोंकडे लक्षच देत नाही. लेक सहा वर्षांची असताना शेजारणीनं लाडू पुढे केला आणि हिनं "हो" म्हणून झटकन हात घातला, तर मी तिच्या दंडाला चिमटा काढला होता. अधाशी म्हणतील ना!

त्या रात्री जेवताना तिनं विचारलं, "आई, भात?" मी म्हटलं, "नको." तिनं पातेलं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. मी ताटात उरलेल्या आमटीकडे बघत राहिले. "अगं!" मी ओरडले. "नको म्हणालीस ना?" ती आतून म्हणाली, आणि हसत सुटली. मलाही हसू आलं. मग उठून माझा मीच भात वाढून घेतला. दोन दिवस हा खेळ चालला. पापड, ताक, चादर, पंखा. मी एकदाही पहिल्या विचारण्याला हो म्हणू शकले नाही. जीभच वळायची नाही. घशातून 'र' काढायला शिकले, पण साधं हो काही जमेना.

गुरुवारी संध्याकाळी मी एका ब्लाउजाला हातशिलाई घालत होते. ती समोर येऊन बसली, मोबाइल बाजूला ठेवला आणि मराठीत, आपल्या साध्या मराठीत म्हणाली, "आई, मी नाही गेले तर? थांबू का मी?"

याच प्रश्नाची मी पत्र वाचल्यापासून वाट बघत होते. आणि मी काय म्हणाले? सुईवरून नजर न काढता म्हणाले, "नको गं. माझं काय अडलंय? तू जा."

आणि थांबले. एक टाका घातला, दुसरा घातला. आता ती म्हणेल, "अगं पण तू एकटी..." मग मी म्हणेन, "माझं मी बघेन." मग ती पुन्हा विचारेल.

"बरं," ती म्हणाली, उठली आणि शनिवारसाठी कुर्त्याला इस्त्री करायला गेली.

बरं? एवढ्यात बरं? त्या रात्री मला झोप लागली नाही. परक्या माणसाला कळलं नाही तर समजू शकते. पण जिला मी चिमटा काढून शिकवलं तिला पहिलं नको म्हणजे काय ते कळू नये? का कळलं, आणि म्हणूनच तिनं एकदाच विचारलं? तिला हवं ते उत्तर कुठल्या विचारण्याला मिळतं हे तिला पक्कं माहीत होतं का? स्वतःच्या पोटच्या पोरीबद्दल असा विचार करताना मला लाज वाटली, पण विचार काही थांबला नाही.

शनिवारी दुपारी मुलाखत. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, मागे भिंतीला पांढरी चादर. मला सांगितलेलं: मशीन बंद, कुकर बंद, मिक्सर बंद. मी स्वयंपाकघरात मेथी निवडायला घेतली, मेथीचा आवाज होत नाही. आश्रमाच्या त्या मुख्य बाई हळू आणि स्वच्छ बोलत होत्या. लेकही छान बोलत होती. मला दहातले तीन शब्द कळत होते. हॉस्पिटल, रात्रपाळी, इंजेक्शन, त्सिमर. मग मला मुटर ऐकू आलं, आणि मागोमाग ब्राउख्ट. दिवाणावर पडून रोज ऐकलेला शब्द तो. त्या विचारत होत्या, तुमच्या आईला तुमची गरज आहे का?

लेक म्हणाली, "नाइन. माइनं मुटर ब्राउख्ट मिश निश्त."

नाही. माझ्या आईला माझी गरज नाही.

आणि पुढे एक छोटं वाक्य, तेही मला कळलं: तिनंच मला तसं सांगितलंय.

माझ्या हातात मेथीची काडी तशीच राहिली. उच्चार अगदी बरोबर होता तिचा, 'निश्त' तर इतका सफाईदार आला की सरांनी पाठ थोपटली असती. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही आवाज न करता यायला हवं होतं, कारण मुलाखत चालू होती.

पाच-दहा मिनिटांनी ती धावतच आत आली. "आई, झालं! घेतलं मला!"

मी म्हटलं, "ब्राउख्ट निश्त?"

तिचं तोंड उतरलं. "तुला कळलं?"

"सगळं नाही. माझ्याबद्दल होतं तेवढं."

"तू तर नुसती... कधीपासून कळतंय तुला?"

"तू आणि तुझी मैत्रीण मला हसलात तेव्हापासून."

"तुला नाही गं हसलो. तू सरांची उलटतपासणी घेतलीस ना, सर घाबरून अजून विचारतात, आज काकू येणार नाहीत ना. त्याला हसत होतो." मग तिला काहीतरी सुचलं. "आणि पत्र?"

"वाचलं. तीन दुपारी लागल्या."

ती खाली, माझ्या समोर फरशीवर बसली. बराच वेळ मेथीच्या पानांशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मी विचारलं होतं तुला, आई."

"एकदाच विचारलंस."

तिला कळलं, हे मला दिसलं. कान लाल झाले तिचे. लहानपणी चोरी पकडली की व्हायचे तसे नव्हे, रडू आवरताना होतात तसे. तिनं मोबाइल हातात घेतला, मेल उघडली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मग आता दुसऱ्यांदा विचारते. थांबू मी? तू हो म्हण, मी आत्ता या क्षणी त्यांना कळवते. खरंच."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. आजवर इतक्या तोंडांकडे पाहिलंय मी, एजंटांच्या, दुकानदारांच्या, उद्या देते म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांच्या. कुठेतरी एखादी घडी सापडतेच. हिच्या तोंडावर काही सापडेना. सापडलं असतं तर किती बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ती खरंच थांबणार होती. ते सगळे महिने, त्या गुळण्या, ती परीक्षा, सगळं माझ्या एका शब्दावर सोडून देणार होती.

"नको," मी म्हटलं.

"हे खरं नको, की मानाचं?"

"खरं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही नजर काढली नाही. तिसऱ्यांदा विचारलं तर काय म्हणायचं ते माझ्या ओठांवर येऊन थांबलं होतं. तिचेही ओठ हलले. आणि तिनं विचारलं नाही. मला माणसांच्या सगळ्या गोष्टींचा संशय येतो, पण ती विचारता विचारता का अडली याचा मला तेव्हाही संशय आला नाही आणि आजही येत नाही. माझं उत्तर तिला माहीत होतं.

तिनं मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला, डोळे पुसले आणि उठली.

"चहा टाकू?" ती म्हणाली.

"टाक," मी लगेच म्हटलं.